महाराष्ट्रातील बीटी कापूस व बहुराष्ट्रीय बियाणे कंपन्यांचा वाद

बीटी कपाशीच्या बियाण्याची किंमत, त्यातील जनुकावरील मालकी आणि पीक फसल्यास होणारा तोटा या तीन प्रश्नांवर महाराष्ट्रात २००२ पासून वाद चालू आहे. मोन्सँटो ही अमेरिकी कंपनी आणि जालना येथील महिको ही भारतीय कंपनी यांनी हे तंत्रज्ञान भारतात आणले. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्या जगातील गरिबांचे शोषण करतात का, या व्यापक चर्चेत विदर्भ व मराठवाड्यातील कोरडवाहू कापूस उत्पादकांचे उदाहरण वारंवार दिले जाते. हे उदाहरण दोन्ही बाजूंनी मांडले जाते. एका बाजूस अवाजवी तंत्रज्ञान-शुल्क, विषबाधा व कर्जबाजारीपणा यांकडे बोट दाखवले जाते, तर दुसऱ्या बाजूस याच तंत्रज्ञानासाठी शेतकऱ्यांनी स्वतः आंदोलने केल्याचे दाखवून दिले जाते.

## पार्श्वभूमी

कापसाखालील क्षेत्राच्या बाबतीत महाराष्ट्र देशात अग्रेसर आहे. मात्र येथील बहुतांश कापूस कोरडवाहू असल्याने हेक्टरी उत्पादन देशाच्या सरासरीपेक्षा कमी राहते. पाऊस लांबला तर दुबार पेरणी करावी लागते, म्हणजे बियाण्याचा खर्च दुप्पट होतो. बियाणे, खते व कीटकनाशके बहुधा एकाच कृषी केंद्रातून उधारीवर घेतली जातात आणि कापूस विकल्यावर उधारी फेडली जाते. त्यामुळे कोणते बियाणे वा औषध घ्यावे, याचा सल्लाही पुष्कळदा दुकानदारच देतो.

संकरित कपाशी बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आणली, हा समज बरोबर नाही. जगातील पहिले व्यापारी संकरित वाण ‘एच-४’ १९७० साली सुरत येथील सरकारी संशोधन केंद्रातून आले. महाराष्ट्रातही नांदेडच्या केंद्राचे ‘एनएचएच-४४’ आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे ‘पीकेव्ही हायब्रीड-२’ ही सार्वजनिक संस्थांची संकरित वाणे लोकप्रिय होती. संकरित पिकाची सरकी पुढील हंगामात पेरल्यास झाडे एकसारखी येत नाहीत व उत्पादन घटते. म्हणून शेतकरी दरवर्षी नवे बियाणे विकत घेऊ लागला. बीटी तंत्रज्ञान आले तेव्हा ही बाजारपेठ आधीच तयार होती.

१९९० च्या दशकात अमेरिकन बोंडअळीने अनेक कीटकनाशकांना दाद देणे बंद केले. एका हंगामात अनेक फवारण्या करूनही पीक हातचे जाऊ लागले. बोंडअळीपासून संरक्षण देणाऱ्या बियाण्याचे स्वागत होण्यामागे हे कारण होते.

## तंत्रज्ञान आणि परवानगी

‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ हा जमिनीत आढळणारा जिवाणू असून ‘बीटी’ हे त्याचे संक्षिप्त नाव आहे. त्याच्यातील ‘क्राय१एसी’ हे जनुक कपाशीत घातले की झाडातच एक विशिष्ट प्रथिन तयार होते. अळीने पान वा बोंड खाल्ल्यावर ते तिच्या आतड्यात क्रियाशील होते व अळी मरते. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रसशोषक किडींवर या प्रथिनाचा परिणाम होत नाही. बोंडअळीसाठीची फवारणी थांबली, तरी या किडींसाठीची फवारणी चालूच राहते.

मोन्सँटोने १९९८ साली महिकोचे २६ टक्के भाग घेतले. पुढे तंत्रज्ञानाचे परवाने देण्यासाठी दोन्ही कंपन्यांनी महिको-मोन्सँटो बायोटेक ही संयुक्त कंपनी चालवली. परवानगी मिळण्यापूर्वीच, २००१ मध्ये, गुजरातेत ‘नवभारत १५१’ या नावाने विनापरवाना बीटी बियाणे पेरले गेल्याचे उघड झाले. २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने महिकोच्या तीन संकरित वाणांना मान्यता दिली. दोन जनुके असलेले ‘बोलगार्ड-२’ २००६ मध्ये मान्य झाले. चाळीसहून अधिक भारतीय कंपन्यांनी हे जनुक आपापल्या वाणांत वापरण्याचे परवाने घेतले आणि पुढील दशकात देशातील ९० टक्क्यांहून अधिक कापूस क्षेत्र बीटीखाली आले.

## तंत्रज्ञान-शुल्काचा वाद

सुरुवातीच्या वर्षांत ४५० ग्रॅमच्या एका पाकिटाची किंमत सुमारे १,६०० ते १,८५० रुपये होती. त्यांपैकी सुमारे १,२५० रुपये केवळ जनुकाच्या वापरापोटी आकारले जात. या रकमेस तंत्रज्ञान-शुल्क म्हणतात. म्हणजे शेतकऱ्याने दिलेल्या पैशातील मोठा वाटा बियाणे तयार करणाऱ्याला न मिळता जनुकाच्या मालकाकडे जात होता.

तत्कालीन आंध्र प्रदेश सरकारने २००६ च्या आरंभी मक्तेदारी व निर्बंधात्मक व्यापार प्रथा आयोगाकडे तक्रार केली. अमेरिका व चीनमध्ये याच तंत्रज्ञानासाठी फार कमी शुल्क घेतले जाते, असा त्या सरकारचा युक्तिवाद होता. संशोधनावर झालेला मोठा खर्च आणि कीटकनाशकांच्या खर्चात होणारी बचत पाहता हे शुल्क रास्त आहे, अशी कंपनीची बाजू होती. मे २००६ मध्ये आयोगाने अंतरिम आदेशाद्वारे शुल्क कमी करण्यास सांगितले. त्यानंतर आंध्र प्रदेशाने पाकिटाची कमाल किंमत ७५० रुपये ठरवली आणि महाराष्ट्रासह इतर राज्यांतही दर खाली आले. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याचा पुरवठा, वितरण, विक्री व विक्रीकिंमत यांच्या नियमनासाठी स्वतंत्र कायदा केला.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश काढला. त्यानंतर ‘बोलगार्ड-२’च्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाचे दर देशभर पुढीलप्रमाणे ठरवण्यात आले :

- २०१६ : कमाल किंमत ८०० रुपये, त्यांत तंत्रज्ञान-शुल्क ४९ रुपये
- २०१८ : कमाल किंमत ७४० रुपये, त्यांत तंत्रज्ञान-शुल्क ३९ रुपये
- २०१९ : कमाल किंमत ७३० रुपये, त्यांत तंत्रज्ञान-शुल्क २० रुपये
- २०२० : कमाल किंमत ७३० रुपये, तंत्रज्ञान-शुल्क शून्य

२०१६ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानेही कंपनीच्या परवाना-अटींची चौकशी सुरू केली. त्याच वर्षी तणनाशक-सहनशील अशा पुढील पिढीच्या कपाशीसाठी केलेला मान्यतेचा अर्ज मागे घेण्यात आला. किंमत नियंत्रणाचे टीकाकार या माघारीचा दाखला देतात. शुल्क अतिशय खाली आणले तर नवे तंत्रज्ञान देशात येणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

## बियाण्यावरील हक्क

भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(ञ)प्रमाणे वनस्पती, बियाणे व त्यांच्या जाती यांना पेटंट मिळत नाही. कृत्रिमरीत्या तयार केलेला जनुकाचा अनुक्रम या कलमाखाली येतो का, हा प्रश्न मोन्सँटो आणि नुझिविडू सीड्स ही भारतीय कंपनी यांच्यातील दाव्यात उपस्थित झाला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०१८ मध्ये मोन्सँटोचे पेटंट रद्द ठरवले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बाजूला ठेवून प्रकरण पुराव्यांच्या तपासणीसाठी परत पाठवले. अंतिम निवाडा होण्यापूर्वीच पेटंटची मुदत संपली आणि २०२१ मध्ये पक्षकारांनी तडजोड केली. दरम्यान २०१८ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने मोन्सँटो विकत घेतली होती.

वाणांचे संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ यातील कलम ३९ प्रमाणे शेतकरी आपल्या पिकातील बी राखू, पेरू, अदलाबदल करू व बिनाछापाचे विकू शकतो. जगात असा स्पष्ट हक्क देणारे कायदे थोडे आहेत. परंतु संकरित वाणाच्या बाबतीत हा हक्क कागदावरच राहतो, कारण राखलेल्या सरकीचा उपयोग होत नाही. अमेरिका, चीन व ऑस्ट्रेलियात बीटी जनुक प्रामुख्याने सरळ वाणांत आले, तर भारतात ते जवळजवळ सर्वस्वी संकरित वाणांत आले. पेटंट संरक्षण दुबळे असलेल्या देशात दरवर्षीची विक्री टिकवण्याचे काम या संकरानेच केले.

बीटीची सरकी उगवतच नाही, कारण तिच्यात ‘टर्मिनेटर’ जनुक आहे, हा समज ग्रामीण भागात दीर्घकाळ प्रचलित होता. तो चुकीचा आहे. वंध्य बीज देणारे ते तंत्रज्ञान भारतात किंवा अन्यत्र कोठेही व्यापारी वापरात आले नाही.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाच्या सहकार्याने ‘बिकानेरी नरमा बीटी’ हे सरळ वाण तयार केले. त्याचे बी शेतकऱ्यांना राखता आले असते. मात्र या वाणात मोन्सँटोचेच जनुक आढळल्याने २००९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. पुढे नेमलेल्या सोपोरी समितीने या कामातील गंभीर त्रुटी दाखवल्या. कृषी विद्यापीठांची जुनी लोकप्रिय वाणे बीटी स्वरूपात बाजारात आली, तीही खासगी वाणांच्या पुष्कळ नंतर.

## उत्पादन आणि उत्पन्न

देशातील रुईचे सरासरी उत्पादन २०००-०१ मध्ये हेक्टरी सुमारे २७८ किलो होते. ते २००७-०८ मध्ये सुमारे ५५४ किलोंवर गेले. त्यानंतर ही वाढ थांबली. या वाढीचे श्रेय कोणाला द्यावे, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.

जोनास काटागे व मतिन काइम यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांतील शेतकरी कुटुंबांची २००२ ते २००८ या काळात पाहणी केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार बीटीमुळे एकरी उत्पादन २४ टक्क्यांनी व नफा ५० टक्क्यांनी वाढला आणि हा लाभ लहान शेतकऱ्यांपर्यंतही पोहोचला. याउलट, केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती व मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये वीस वर्षांच्या आकडेवारीचा आढावा घेतला. उत्पादनवाढीचा मोठा भाग खतांचा वाढता वापर व इतर कारणांमुळे झाला, असे त्यांनी दाखवले. कीटकनाशकांवरील खर्च आरंभी घटला, तरी २०१८ पर्यंत तो बीटीपूर्व काळाहून अधिक झाला, असाही त्यांचा निष्कर्ष आहे.

दोन्ही अभ्यासांचा काळ वेगळा असल्याने त्यांतील विरोध वाटतो तितका मोठा नाही. पहिल्या काही वर्षांत लाभ झाला आणि किडींची प्रतिकारशक्ती वाढल्यावर तो ओसरत गेला, असे दोन्ही एकत्र वाचल्यास दिसते.

## गुलाबी बोंडअळी

गुलाबी बोंडअळी प्रामुख्याने कपाशीवरच जगते. गुजरातमधील काही जिल्ह्यांत ही अळी ‘क्राय१एसी’ला दाद देत नसल्याचे मोन्सँटोने २०१० मध्ये मान्य केले. काही वर्षांतच ‘बोलगार्ड-२’ही तिच्यापुढे निष्प्रभ ठरले. २०१७ च्या हंगामात विदर्भ, मराठवाडा व खानदेशात तिचा मोठा उद्रेक झाला.

या प्रतिकारशक्तीची कारणे अनेक आहेत. बीटी पिकाभोवती बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावण्यासाठी प्रत्येक पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बियाणे दिले जाई. थोडक्या जमिनीत उत्पन्न घटेल या भीतीने बहुतेक शेतकरी ते पेरत नसत. भारतीय संकरित वाणे दीर्घ मुदतीची असल्याने अळीला अधिक काळ खाद्य मिळाले. वेचणीनंतर पाणी देऊन पुन्हा बोंडे घेण्याची, म्हणजे फरदड घेण्याची, पद्धतही तिच्या पथ्यावर पडली. शिवाय संकरित झाडाच्या बोंडातील सर्व सरक्यांत बीटी प्रथिन सारखे नसते. काही दाण्यांत ते नसल्याने अळ्या तगून राहतात आणि प्रतिकारक्षम पिढ्या लवकर तयार होतात.

डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने कोरडवाहू क्षेत्रासाठी हेक्टरी ३०,८०० रुपयांपर्यंतची मदत जाहीर केली. आपत्ती निवारण निधी व पीकविम्याबरोबर बियाणे कंपन्यांकडून मिळावयाची भरपाईही त्यात धरलेली होती. किडीची प्रतिकारशक्ती हा बियाण्याचा दोष नव्हे, असे सांगत कंपन्यांनी ही जबाबदारी नाकारली.

## यवतमाळमधील विषबाधा

त्याच हंगामात, विशेषतः सप्टेंबर व ऑक्टोबर २०१७ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जण मरण पावले. दमट उष्णता, डोक्याहून उंच वाढलेली पऱ्हाटी, हातमोजे व मुखवट्यांचा अभाव, अनेक औषधांचे एकत्रित मिश्रण आणि जोरदार फवारा मारणारे पंप ही कारणे पुढे आली. बळी पडलेल्यांत रोजंदारीवर दुसऱ्याच्या शेतात फवारणी करणारे मजूरही होते. बियाणे वा औषध निवडण्यात त्यांचा काहीच वाटा नव्हता.

वापरल्या गेलेल्या औषधांत भारतीय कंपन्या बनवत असलेले मोनोक्रोटोफॉस होते, तसेच सिंजेंटा या स्वित्झर्लंडस्थित कंपनीचे ‘पोलो’ही होते. ‘पोलो’तील डायफेन्थियुरॉन हे रसायन युरोपीय संघात व स्वित्झर्लंडमध्ये वापरण्यास परवानगी नव्हती, तरी तेथून त्याची निर्यात होत होती. २०२१ मध्ये दोन मृतांच्या पत्नी व एक बाधित शेतकरी यांनी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे कंपनीविरुद्ध भरपाईचा दावा दाखल केला. या घटनांचा आपल्या उत्पादनाशी संबंध असल्याचे कंपनीने नाकारले. स्वित्झर्लंडने २०२१ पासून डायफेन्थियुरॉनसह पाच कीटकनाशकांच्या निर्यातीवर बंदी घातली. स्वदेशात निषिद्ध असलेले रसायन गरीब देशात विकावे का, हा या प्रकरणातील मूळ प्रश्न होता.

## आत्महत्यांशी जोडला जाणारा संबंध

विदर्भातील शेतकरी आत्महत्या व बीटी कापूस यांचा थेट कार्यकारणसंबंध लावला जातो. मात्र या आत्महत्यांत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातच, म्हणजे बीटी येण्यापूर्वी, वाढ दिसू लागली होती. आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेच्या २००८ मधील आढाव्यात बीटी हे या आत्महत्यांचे मुख्य कारण असल्याचा पुरावा आढळला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २००५ मध्ये दिलेल्या अहवालात नापिकी, वाढता उत्पादनखर्च व कर्जबाजारीपणा यांवर भर होता.

१९७२ पासून चाललेली कापूस एकाधिकार खरेदी योजना २००० नंतरच्या काही वर्षांत संपुष्टात आली. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानांमुळे जागतिक भाव दबले जात होते. ब्राझीलने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत केलेल्या तक्रारीचा निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. भाव पडत असताना बियाणे महाग होणे हा या संकटातील एक घटक होता, एकमेव घटक नव्हता.

## शेतकऱ्यांच्या भूमिका

शेतकरी चळवळीतही या प्रश्नावर एकमत नाही. शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांनी तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला असावे, असा आग्रह धरला. विजय जावंधिया यांच्यासारख्या नेत्यांनी वाढता खर्च व कंपन्यांवरील अवलंबित्व यांकडे लक्ष वेधले.

१० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मान्यता नसलेल्या तणनाशक-सहनशील बीटी कपाशीची जाहीर लागवड केली. निंदणीसाठी मजूर मिळत नाहीत व मजुरी परवडत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली शिक्षेची तरतूद असूनही त्यांनी हा सत्याग्रह केला. कंपनीने हे वाण अधिकृतपणे बाजारात आणले नसल्याने चोरट्या बाजारातील पाकिटांवर पावती मिळत नाही आणि फसवणूक झाल्यास दादही मागता येत नाही. निंदणीची मजुरी हे अनेक भूमिहीन स्त्रियांच्या उत्पन्नाचे साधन आहे, हा या मागणीवरील एक आक्षेप आहे.

## शोषणाचा प्रश्न

या प्रकरणात शोषण झाले का, याचा विचार किंमत, पर्याय व जोखीम या तीन कसोट्यांवर करता येतो.

किंमतीच्या बाबतीत आरोपाला आधार आहे. १,२५० रुपयांचे शुल्क सरकारी हस्तक्षेपानंतर वेगाने घटले आणि पुढे शून्यावर आले, तरीही बियाण्याचा पुरवठा चालू राहिला. आरंभीचे शुल्क पर्यायी तंत्रज्ञान नसल्यामुळे आकारता आले, असे यावरून दिसते.

पर्यायाच्या बाबतीत दोष केवळ कंपन्यांचा नाही. शेतकऱ्यांनी बीटी सक्तीने नव्हे, तर अनुभवाने स्वीकारले. मात्र काही वर्षांत दुकानांत बिगर-बीटी बियाणे मिळेनासे झाले आणि सार्वजनिक संस्थांना राखता येईल असे सरळ बीटी वाण वेळेवर देता आले नाही.

जोखमीच्या बाबतीत विषमता सर्वांत ठळक आहे. तंत्रज्ञान-शुल्क बियाणे खरेदीच्या वेळीच वसूल होत असे. पाऊस न पडल्यास, कीड प्रतिकारक्षम झाल्यास किंवा भाव कोसळल्यास त्यातील काही परत मिळत नसे. दुबार पेरणी झाल्यास तेच शुल्क दुसऱ्यांदा भरावे लागे. नफ्यातील वाटा अगोदर निश्चित होत असे आणि तोटा मात्र संपूर्णपणे ज्याच्याकडे सर्वांत कमी भांडवल आहे, त्याच्याच वाट्याला येत असे. २०१७ मध्ये भरपाईवरून झालेला वाद याच मुद्द्यावर होता.

किंमत नियंत्रणाने पहिल्या कसोटीवरील अन्याय पुष्कळ अंशी दूर झाला, परंतु तिसऱ्या कसोटीवरील प्रश्न त्याने सुटलेला नाही. शुल्क शून्य झाल्यावरही गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव व फवारणीचा खर्च चालूच आहे. त्यावरील उपाय म्हणून कमी मुदतीच्या वाणांची दाट लागवड, कामगंध सापळे, डोमकळ्या वेचून नष्ट करणे आणि फरदड टाळणे यांची शिफारस केली जाते. यांपैकी बहुतेक उपाय कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नाहीत. ते शेतकऱ्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मुख्यतः कृषी विद्यापीठे व कृषी विभाग यांच्यावर येते.

## हेही पाहा

- केंद्रीय कापूस संशोधन संस्था, नागपूर
- शेतकरी संघटना
- कापूस एकाधिकार खरेदी योजना
- एन्रॉन व दाभोळ वीज प्रकल्प
- वाणांचे संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१